समुद्र निवडताना

गेल्या दिवाळीत मुले घरी आली तेव्हाची गोष्ट. सुटीच्या दिवसांत आमच्या घरी फराळाच्या जोडीने वादाचा एखादा विषय निघतोच. या खेपेस तो धाकट्या कन्येने आणला. भाऊबीजेच्या रात्री जेवणे आटोपली आणि परतीची गाडी किती वाजता आहे हे सांगावे इतक्या सहज सुरात ती म्हणाली, “बाबा, मी पुणे सोडते आहे. समुद्रकाठी राहायला जाणार आहे. कोणत्या समुद्रकाठी, ते मात्र ठरत नाही. त्यात तुमची मदत हवी.”

कन्या सहा वर्षे पुण्यात एका संगणकाच्या कंपनीत नोकरीस आहे. तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर सहलीला गेली असता तिने प्रथम स्कूबाची बुडी मारली आणि तेव्हापासून तिच्या साऱ्या रजा पाण्याखाली जाऊ लागल्या. त्या विद्येच्या दोन परीक्षाही तिने दिल्या. आता कंपनीने घरी बसून काम करण्याची मुभा दिली आहे. तेव्हा काही दिवस कंपनीचे काम करावे, उरलेले दिवस पाण्यात घालवावेत आणि पुढे-मागे स्कूबाची शिक्षिका व्हावे, असा तिचा बेत.

हा बेत ऐकून तिची आत्या म्हणाली, “अगं, पण तिकडे स्थळं कोण बघणार?” स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज अंमळ वाढला, त्यावरून तिच्या आईचे मत मला कळले. माझी आई आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. ती वाती वळत बसली होती, ती तशीच वळत राहिली. सर्वांचे डोळे मजकडे लागले.

वाचकहो, समुद्र निवडण्याच्या कामी माझ्याइतका नालायक सल्लागार शोधून सापडणार नाही. आमचे घराणे मूळचे कोकणातले. होळकरांच्या चाकरीसाठी पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोणी पूर्वज नर्मदा ओलांडून माळव्यात आला आणि समुद्र सुटला तो कायमचाच. नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नारळीभात न चुकता होतो. समुद्राला नारळ वाहिल्याचे मात्र घरात कोणास आठवत नाही. माझी स्वतःची कथा तर त्याहून दीनवाणी. लहानपणी महेश्वरच्या घाटावर पाय घसरून नाकातोंडात पाणी गेले, त्यानंतर बादली आणि तांब्या यांपलीकडे मी पाण्याशी संबंध ठेवलेला नाही. अशा माणसाला लेकीसाठी समुद्र निवडायचा होता.

तथापि मास्तरकीचा एक गुण असा की, जे आपल्याला येत नाही ते आधी वाचून काढावे लागते. मी वाचू लागलो. पाण्याखाली श्वास घेता यावा म्हणून पाठीवर हवेची नळकांडी बांधून नेण्याची आजची पद्धत १९४३ साली फ्रान्समध्ये आकाराला आली. नौदल अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ या दोघांनी, पाणबुड्याला लागेल तेव्हा आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा देणारी झडप तयार केली. साऱ्या विद्येचे मर्म या दाबात आहे. पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. म्हणजे जी नळकांडी काठावर तासभर पुरावी, ती वीस मीटर खोलीवर वीस मिनिटांत संपते. प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास अठरा मीटरपर्यंत जाता येते, पुढची परीक्षा दिली की तीस मीटर. आणि हौशी पाणबुड्याने चाळीस मीटरच्या खाली कधीच जाऊ नये, असा दंडक आहे.

वर येताना श्वास रोखून धरायचा नाही, हा पहिला नियम. कारण फुप्फुसातील हवा वर येताना प्रसरण पावते. दुसरा नियम सावकाश वर येण्याचा. दाबाखाली रक्तात विरघळलेला नत्रवायू घाईने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने शरीरात सुटतो. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसा हा प्रकार. यातून सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणूनच शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून मग डोके पाण्याबाहेर काढतात. याच कारणाने एका बुडीनंतर किमान बारा तास, आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये. विमानाचा नियम तोच उंच घाटाचाही समजावा. रविवारी मालवणला बुडी मारून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढून बेळगावला परतणाऱ्या मंडळींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. एक रात्र खालीच मुक्काम केला तर बिघडत काहीच नाही.

एवढी तयारी झाल्यावर मी माझ्या पेशाला शोभेल असेच केले. एक कोष्टक आखले आणि समुद्रांना गुण देऊ लागलो.

पहिला मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे ते पाणी प्रत्येक मराठी माणसाच्या मनात असतेच. १६६४ साली पाया घातलेला तो किल्ला, भोवतालचे खडक, त्यांवरची प्रवाळे; १९८७ साली त्या भागाला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था शेजारच्या तारकर्लीस आहे. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती खडकाजवळ बुडवून तिच्यावर प्रवाळांची वस्ती वाढवण्याचा प्रकल्पही शासनाने हाती घेतला. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते, गोव्याची मोठी रुग्णालये फार दूर नाहीत आणि भाषा आपली. उणे एवढेच की, नद्यांच्या गाळामुळे पाणी बहुधा गढूळ. चांगल्या दिवसांतही काही मीटरपलीकडचे दिसत नाही. शिवाय तिथला बहुतेक धंदा प्रवाशांना हात धरून पंधरा-वीस मिनिटे खाली नेऊन आणण्याचा. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडीत पठार प्रवाळांनी संपन्न आहे खरे. पण तेथे रोज उठून जाता येत नाही.

गोव्याचे पाणीही साधारण मालवणच्याच जातीचे, आणि घरभाडे मात्र चढे. कर्नाटकात मुर्डेश्वरसमोर सुमारे वीस किलोमीटर आत नेत्राणी नावाचे बेट आहे. पश्चिम किनाऱ्याच्या मानाने तेथील पाणी पुष्कळच स्वच्छ. परंतु प्रत्येक बुडीसाठी एवढा जलप्रवास करणे आले. या तिन्ही ठिकाणी पावसाळ्यात समुद्राचे दार बंद. मे महिना सरता सरता होड्या वर ओढल्या जातात आणि पाणी पुन्हा निवळायला ऑक्टोबर उजाडतो.

पुदुच्चेरीचे गणित उलटे. तेथे नैर्ऋत्य मोसमी पावसाचा जोर कमी, म्हणून आपल्या आषाढ-श्रावणातही बुडी मारता येते. संकट येते ते परतीच्या पावसात आणि चक्रीवादळांच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. लक्षद्वीपचे पाणी तर स्फटिकासारखे. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालून टाकलेली तार तेथवर पोहोचल्यामुळे संगणकाचे कामही होईल. परंतु बाहेरच्या माणसाला त्या बेटांवर पाऊल ठेवण्यासही परवाना लागतो. चार दिवसांच्या पाहुण्याला ते ठीक. बिऱ्हाड करणाऱ्याला नव्हे.

उरले अंदमान. आमच्या पिढीच्या मराठी घरांत हे नाव उच्चारले की सावरकर आठवतात. १९११ साली त्यांना तेथे नेले आणि १९२१ साली परत आणले. त्या पलीकडे अंदमान म्हणजे काळे पाणी, एवढेच माझ्या आईला ठाऊक. प्रत्यक्षात पाणबुड्यांच्या दृष्टीने याहून गोरे पाणी भारतात विरळाच. हॅवलॉक बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात. त्याच्या भोवती चांगल्या दिवसांत वीस-पंचवीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसते. शिक्षक घडवणाऱ्या शाळा तेथे आहेत. चेन्नईहून समुद्रतळावरून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची तार ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तिचा एक फाटा या बेटावरही आहे. अडचणीही तशाच मोठ्या. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, गाठायला विमान. तेथून पुढे दीड-दोन तासांचे जहाज, आणि हवा बिघडली की तेही रद्द. मोठे रुग्णालय त्या जहाजाच्या पलीकडे. नत्रवायूच्या विकारावर लागणारा दाबकक्षही श्री विजयपुरमलाच, नौदलाच्या रुग्णालयात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी त्या बेटांवर आहेत. शिवाय प्रवाळांचे दुखणे वेगळेच. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी समुद्र तापून तेथील प्रवाळे पांढरी पडली, पुष्कळ मेलीही. २००४ च्या भूकंपाने उत्तर अंदमानचा किनारा मीटरभर उचलला गेला, तेव्हा तिथली प्रवाळे उघडी पडून वाळली होती. जी शोभा पाहण्यासाठी जायचे ती चिरंतन आहे, या भ्रमात कोणी राहू नये.

जानेवारीत कन्या मला घेऊन मालवणला गेली. “कागदावर गुण देण्याआधी विद्यार्थी तरी बघा,” म्हणाली. सकाळी आम्ही होडीत बसलो. मी कठडा घट्ट धरून मध्यभागी. तिने पाठीवर नळकांडी चढवली, माझ्याकडे पाहून अंगठा व तर्जनी जुळवून खूण केली आणि पाठमोरी पाण्यात पडली. क्षणभर फेस दिसला, मग हिरवट पाणी पूर्ववत झाले. होडीतला मुलगा बुडबुडे दाखवत होता. मला ते कधी दिसत, कधी लाटांत हरवत. पस्तीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली; नाव पुकारल्यावर ‘हजर’ ऐकू न येणे म्हणजे काय, ते त्या होडीत मला कळले. अडतीस मिनिटांनी ती वर आली. घड्याळात अडतीस, माझ्या हिशेबी एक रात्र. तोंडावरची काच वर करून ती हसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशीही पाहिले नव्हते.

परतताना मी होडीवाल्या गृहस्थांना सहज विचारले, “इथे कायमचे राहायला आले तर कसे?” ते वल्हे आवळीत म्हणाले, “मास्तरांनू, आता माघात काय बघतास? आषाढात येवा, मगे बोला.” एवढ्याशा वाक्यात त्यांनी माझ्या कोष्टकातली मोठी चूक दाखवली. मी प्रत्येक समुद्राला त्याच्या सणासुदीच्या पोशाखात तपासत होतो. ज्या चार महिन्यांत होड्या बंद, प्रवासी नाहीत, वीज जाते आणि चार चार दिवस पाऊस उघडत नाही, त्या महिन्यांत तेथे माणूस काय करील, कोणाशी बोलेल, कशावर जगेल, हे विचारलेच नव्हते. कुठेही बिऱ्हाड हलवणाराने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

घरी येऊन मी कोष्टक पुरे केले. मालवणास शंभरांत चौऱ्याहत्तर, अंदमानास एकसष्ट. मुख्याध्यापकाच्या रुबाबात कागद कन्येपुढे ठेवला. तिने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही भाषा आणि आपली माणसं यांना तीस गुण ठेवलेत, आणि पाण्याला दहा. मी जाणार कशासाठी?”

मी उत्तर शोधू लागलो. ती पुढे म्हणाली, “तुम्हांला मी मालवणात हवी आहे, कारण तिथे मला काही झालं तर तुम्ही रेल्वेने पोहोचू शकता. हे तुमचं कारण आहे, आणि ते खोटं नाही. पण मग ते कोष्टकात तसं लिहा. भाषेच्या नावाखाली लपवू नका.”

वाचकहो, आयुष्यभर मी पक्षपाती परीक्षकांविषयी तक्रार केली आहे. त्या रात्री माझ्याच अक्षरात एक पक्षपाती गुणपत्रिका माझ्यापुढे पडली होती. निकाल आधी ठरवून त्याला साजेसे गुण मी वाटले होते; आणि ते करताना आपण न्यायच करतो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मुलांच्या विवाहाच्या, शिक्षणाच्या, नोकरीच्या बाबतीत आपण थोरली माणसे हे किती वेळा करीत असू! आपली भीती आपण शहाणपणाच्या शाईने लिहितो.

मी नवा कागद घेतला. त्यावर एक रकाना ‘बाबांची भीती’ असा स्पष्ट नावानिशी आखला, आणि त्यालाही गुण ठेवले. कारण भीतीलाही आपला हक्क असतो. मग आम्ही दोघांनी मिळून गुण दिले. अंदमान पुढे गेले, फार नव्हे, चारच गुणांनी. मार्चमध्ये ती पंधरा दिवस स्वराज द्वीपावर राहून आली. पाणी वर्णिले होते तसेच निघाले, भाजीपाला मात्र महाग, आणि थंडीत पाचाच्या सुमारास सूर्य मावळतो हे ऐकून तिच्या आईने “मग संध्याकाळी एकटी काय करशील?” असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही; ते तेथे राहूनच मिळेल.

ठरले ते असे. ऑक्टोबर ते मे असा एक हंगाम तिने तेथे काढायचा. घर भाड्याने घ्यायचे. खरेदीचा विचार तीन वर्षे करायचा नाही. कंपनीची नोकरी सोडायची नाही, आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवायचा. जाण्यापूर्वी कान, फुप्फुसे व हृदय यांची तपासणी या विषयातील जाणत्या डॉक्टरकडून करून घ्यायची. विमा असा घ्यायचा की, त्यात पाणबुडीचे अपघात धरलेले असतील. साध्या विम्यात ते पुष्कळदा वगळलेले असतात, म्हणून बारीक अक्षर वाचल्यावाचून सही करू नये. जेथे शिकायचे तेथे प्राणवायूची सोय होडीवरच आहे की नाही आणि प्रसंग आल्यास दाबकक्षापर्यंत कसे नेतात, हे पैसे भरण्याआधी विचारायचे. पावसाळ्याचे महिने इंदूरला, आमच्याजवळ. वर्षअखेरीस पुन्हा कोष्टक मांडायचे, आणि मालवण तेव्हाही शर्यतीत असेल.

या साऱ्या माझ्या अटी. तिची अट एकच होती: मी पोहायला शिकावे. “पाण्यावर तरंगता आलं तरी पुरे,” म्हणाली. तेव्हा वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी भल्या पहाटे, विद्यार्थ्यांनी पाहू नये अशा बेताने, तलावावर जाऊ लागलो आहे. अद्याप कठडा सुटलेला नाही. परंतु डोके पाण्यात घालून बाहेर श्वास सोडण्याचा पहिला धडा झाला, आणि त्या काही क्षणांतल्या निःशब्द शांततेत लेकीच्या हट्टाचा थोडासा अर्थ लागला.

आईला हे सर्व सांगण्याचे काम मी लांबणीवर टाकले होते. परवा श्रावणाच्या तयारीत नारळ निवडताना तीच म्हणाली, “ती काळ्या पाण्याला जाते आहे, ते मला कळलंय हो. भांडी बोलतात या घरात.” मी समजूत घालू लागलो की, आता ते तसे राहिलेले नाही, विमान आहे, फोन आहे. तिने हाताने मला थांबवले. एक नारळ कानाशी धरून हलवला, पाणी वाजले तसा बाजूला काढून ठेवला.

“हा तिच्या सामानात घाल. पोहोचली की पहिल्या दिवशी समुद्राला वाहायला सांग. आपल्या घराचा किती वर्षांचा राहिलाय.”